बहिणीचे नाव कापून जमीन वाचते का?

(छत्रपती संभाजीनगर येथील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. तेव्हा आज कपाशीचे वाण, तुरीचे आंतरपीक किंवा अद्रकाची कंदकूज यांवर काही ऐकायला मिळेल, अशी तुमची अपेक्षा असणार. त्या विषयांवर माझे सहकारी बोलणारच आहेत. मी मात्र मेळावा संपल्यावर मला बाजूला घेऊन जे प्रश्न विचारले जातात, त्यांबद्दल बोलणार आहे. "मॅडम, ठिबकचे अनुदान पाहिजे, पण सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे." "बहीण सही देत नाही." "भावाने माझे नाव लावलेच नाही, आता रस्त्यात जमीन गेली, मला काही मिळेल का?" या प्रश्नांना खत-औषधांचे उत्तर नसते. पण जमिनीचा कागद अडला की पेरणी, बाग, विहीर, कर्ज सगळेच अडते. म्हणून हा विषयही शेतीचाच आहे असे मी मानते.

तुम्ही म्हणाल, मॅडम लेकींचीच बाजू घेणार. मी जमिनीची बाजू घेणार आहे. ऐकून घ्या आणि मग ठरवा.

नाव कसे कापले जाते

आपल्या भागात वारसाला तोडण्याचे तीन-चार ठरलेले मार्ग आहेत. पहिला, वारस नोंदीच्या अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात फक्त मुलांची नावे लिहायची, मुलींची लिहायचीच नाहीत. दुसरा, वडिलांच्या तेराव्यानंतर लगेच बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायचे आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. बहीण रडून रडून थकलेली असते. कागद कोणी वाचून दाखवत नाही. नाही म्हणावे तर माहेर तुटते. सही होते, साडीचोळी होते आणि बहीण सासरी परतते. तिसरा मार्ग म्हातारी आई. तिचा अंगठा सगळ्यात आधी घेतला जातो. आणि चौथी म्हणजे तरुण विधवा सून. तिला सांगितले जाते, "तुझे नाव कशाला, आम्ही सांभाळू की."

यांत हक्कसोड पत्र हा कायदेशीर दस्त आहे. समजून-उमजून, कोणाच्या दडपणाशिवाय एखादी बहीण आपला हिस्सा भावाला देत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण तो दस्त नोंदणीकृतच असावा लागतो. साध्या स्टँपवर किंवा तलाठ्यापुढे जबाब देऊन जमिनीचा हक्क सुटत नाही. आणि एकदा नोंदवलेले हक्कसोड पत्र रद्द करायचे तर फसवणूक किंवा दडपण दिवाणी न्यायालयात शाबीत करावे लागते. ते सोपे नाही. म्हणून बहिणींनी सही करण्यापूर्वी आणि भावांनी सही मागण्यापूर्वी थांबावे.

कायदा कुठपर्यंत आला

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, आई, मुलगा आणि मुलगी यांना पहिल्या वर्गाचे वारस ठरवले. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मात्र वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हिस्सा फक्त मुलालाच होता. मुलीला मिळायचा तो वडिलांच्या हिश्शातला हिस्सा.

आपल्या राज्याने हे केंद्राच्या आधी बदलले. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा मिळाला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने लग्नाची अट न ठेवता सर्वच मुलींना हा हक्क दिला. त्यानंतरही अनेक वर्षे वाद चालला, की वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत का? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र कायम राहिल्या. "आमची तोंडी वाटणी झाली होती" एवढे म्हणून भागत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार दाखवावा लागतो.

मुस्लिम बांधवांचा कायदा वेगळा आहे. त्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. पण तो ठरलेला हिस्सा आहे, आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

सांगलीच्या एका आईचा दावा

हिश्शाचा हिशेब कसा करतात हे समजण्यासाठी आपल्याच राज्यातला एक खटला सांगते. १९६० साली खंडाप्पा मगदूम वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या न्यायालयात वाटणीचा दावा लावला आणि २४ भागांतले ७ भाग मागितले. खालच्या न्यायालयाने २४ पैकी फक्त १ भाग दिला. उच्च न्यायालयाने ७ भाग मान्य केले. मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला, की आईचे म्हणणे बरोबर आहे. एका आईला आपल्या घरच्या मिळकतीतला हिस्सा ठरवून घ्यायला सोळा वर्षे लागली.

हिशेब असा. सोयीसाठी २४ एकर जमीन धरू. वडील वारण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे. तेव्हाच्या कायद्याने हिस्सेदार चार: वडील, आई आणि दोन मुलगे. प्रत्येकी ६ एकर. आता वडिलांच्या ६ एकरांचे वारस सहा: आई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी १ एकर. म्हणजे आईचे ६ आणि १ मिळून ७ एकर, प्रत्येक मुलाचे ७ एकर आणि प्रत्येक मुलीचा १ एकर. बेरीज २४.

असेच कुटुंब आज असेल तर? मुलीही जन्माने हिस्सेदार. वडील, आई आणि पाच मुले मिळून सात हिस्से. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत सारखा वाटला जातो. अखेर सहाही जणांना एक-षष्ठांश, म्हणजे प्रत्येकी ४ एकर येतात. मुलीचा हिस्सा एका एकरावरून चार एकरांवर आला. घरी गेल्यावर आपल्या कुटुंबाची नावे लिहून हा हिशेब एकदा करून पाहा. ज्याला आपण "बहिणीला द्यायचे" म्हणतो, त्यातले बरेचसे आपले कधी नव्हतेच, हे कागदावर लगेच दिसते.

भावांच्या शंका

भावांच्या मनात चार शंका असतात. त्या खोट्या नाहीत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

"जमिनीचे तुकडे होतील." ही चिंता खरी आहे. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. पण हे तुकडे कोणी पाडले? या सगळ्या काळात बहुतेक घरांतून बहिणींना हिस्सा दिलाच जात नव्हता. भावाभावांच्या वाटण्यांनीच जमीन लहान होत गेली. दुसरे, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली म्हणजे बांध पडला असे होत नाही. खाते सामाईक राहते. नाव लावणे वेगळे, पोटहिस्सा पाडणे वेगळे आणि कसणे वेगळे. पाच नावे असलेली जमीन एकजण कसू शकतो आणि ठरल्याप्रमाणे उत्पन्नाचा वाटा देऊ शकतो. एवढेच की ते लेखी असावे.

"जमीन सासरी जाईल." आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत असेल आणि बहीण मृत्युपत्र न करता, मूलबाळ नसताना वारली, तर कायद्याने ती मिळकत नवऱ्याकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते. मुले असतील तर मुलांना आणि नवऱ्याला मिळेल. ती मुले तुमचीच भाचरे आहेत.

"ती बाहेरच्याला विकेल." वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एखाद्या वारसाला वारसाने आलेला आपला हिस्सा विकायचा असेल तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. भावाने रास्त भाव द्यावा आणि घ्यावी.

"लग्नात खर्च केला, हुंडा दिला." हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला वाटणी म्हणता येत नाही. आणि मुलाच्या लग्नात, शिक्षणात, नोकरीसाठी जो खर्च झाला, तो त्याच्या हिश्शातून कोणी वजा करत नाही.

वादातल्या जमिनीचे काय होते

आता माझ्या विषयाकडे येते. वादातली जमीन शिवारात लांबून ओळखू येते. बांधावर बाभळी माजलेल्या, रानात हराळी, लव्हाळा आणि गाजरगवत. खोल नांगरट नाही, कारण पुढच्या वर्षी रान कोणाकडे जाईल ते माहीत नाही. शेणखत नाही, कारण शेणखताचा फायदा दोन-तीन वर्षे पुरतो आणि तेवढा भरवसा नाही. मोसंबी लावावी तर फळ धरायला चार-पाच वर्षे जातात, बाग पुढे पंधरा-वीस वर्षे चालते. ज्याला पुढच्या खरिपाची खात्री नाही तो मोसंबी लावणार नाही, विहीर खोदणार नाही, पाइपलाइन टाकणार नाही. तो कपाशी टोकतो, मिळेल ते वेचतो आणि न्यायालयाच्या तारखेला जातो. अशा जमिनीचा कस कमी होतो तो पावसामुळे नाही, अनिश्चिततेमुळे होतो.

शिवाय पीककर्जाला सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावाने मिळतो, आणि योजना त्या क्रमांकाला जोडलेल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत झाली, वैजापूर-गंगापूरकडून समृद्धी महामार्ग गेला. जिथे जमिनीला मोल आले तिथे वीस वर्षांपूर्वी न लागलेली नावे आता प्रश्न विचारू लागली आहेत. भूसंपादनात हिश्शाचा वाद असला की मोबदला हातात न पडता प्राधिकरणाकडे जमा होतो. नाव कापून जी जमीन वाचवली असे वाटत होते, तिचा पैसा असा अडकून राहतो.

वाटणी करायचीच असेल तर

सगळ्यांनाच एकत्र कसणे जमेल असे नाही. तेव्हा वाटणी शास्त्रीय पद्धतीने करावी. आपल्याकडे प्रत्येक गटाच्या जितके वारस तितक्या पट्ट्या पाडतात, म्हणजे भारी-हलके सगळ्यांच्या वाट्याला येते. हेतू चांगला, पण परिणाम वाईट. चौरस आकाराच्या चार एकराची एक बाजू सुमारे १२७ मीटर असते. तिच्या चार पट्ट्या पाडल्या तर तीन बांध येतात. एक मीटर रुंदीचा बांध धरला तरी जवळजवळ पावणेचार गुंठे रान बांधातच गेले. उरलेल्या पट्ट्या ३२ मीटरच्याही आत. ट्रॅक्टर वळवायचा तरी कुठे? आणि पट्टी उताराच्या दिशेने लांब असेल तर नांगरट आणि पेरणीही उतारानेच होते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून जाते.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) आधी प्रत्येक गटाचे माती परीक्षण करावे आणि मातीची खोली पाहावी. भारी, मध्यम आणि हलकी जमीन यांचे मोल ठरवून वाटणी मोलाने करावी, नुसत्या क्षेत्राने नव्हे. हलकी जमीन घेणाऱ्याला थोडी जास्त द्यावी.

२) शक्य असेल तिथे एका वारसाला एक सलग तुकडा द्यावा.

३) पट्ट्या पाडाव्याच लागल्या तर लांबी उताराला आडवी ठेवावी.

४) विहीर आणि बोअर सामाईक ठेवून पाण्याची पाळी, वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च लिहून ठेवावा. प्रत्येक तुकड्याला जाण्या-येण्याची वाट नकाशावर दाखवावी. भाऊबंदकीची निम्मी भांडणे वाट आणि पाणी यांवरूनच होतात.

५) ज्या बहिणीला कसणे शक्य नाही तिचा हिस्सा भावाने ठरलेल्या रकमेला घ्यावा. हप्ते ठरवावेत, बँकेमार्फत द्यावेत आणि दस्त नोंदवावा. मुद्रांक किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारावे.

सर्व सहधारकांची संमती असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे. त्याचा लाभ घ्यावा.

विधवा सून आणि म्हातारी आई

या दोघींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. मराठवाडा आणि विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या महिलांची महिला किसान अधिकार मंचाने पाहणी केली. तिचा २०१८ चा अहवाल सांगतो की, २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्या या महिलांपैकी ४० टक्के महिलांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क तेव्हापर्यंत मिळालेला नव्हता. ज्या बाईने नवऱ्याबरोबर निंदणी-खुरपणी केली, कर्जाचे ओझे पाहिले, तिच्या नावे सातबारा नसेल तर तिला पीककर्ज नाही, विमा नाही, अतिवृष्टीची भरपाई नाही. मग ती त्याच रानात मजुरीने जाते. नवऱ्याच्या हिश्शात तिचा आणि तिच्या मुलांचा हक्क आहे. पुढे तिने पुनर्विवाह केला म्हणून मिळालेला हिस्सा काढून घेता येत नाही.

आईच्या बाबतीत माझी विनंती आहे की, तिने आपला हिस्सा हयातीत स्वतःच्या नावे राहू द्यावा. ज्या म्हातारीच्या नावे दोन एकर आहेत तिला भाकरीबरोबर कालवणही मिळते, हे आपण सगळे जाणतो. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली आणि सांभाळ केला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते बक्षीसपत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. ती अट दस्तात लिहिलेली असावी. आणि ज्यांचे पती हयात आहेत त्यांनी लक्ष्मीमुक्ती आठवावी. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हा विचार गावोगाव नेला, आणि १९९२ मध्ये महसूल विभागाने पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यात पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक काढले.

मुलालाच तोडायचे असेल तर

काही वेळा वडिलांची तक्रारही खरी असते. मुलगा दारूत बुडालेला, आईवडिलांवर हात उगारणारा. वर्तमानपत्रात "सदर मुलाशी आमचा संबंध राहिलेला नाही" अशी जाहीर नोटीस दिली जाते. या नोटिशीने जन्मतः आलेला हिस्सा जात नाही. वडील स्वतः कमावलेली मिळकत आणि वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. एखाद्याला का वगळले याचे कारण दोन ओळींत लिहावे. आणि व्यसनी मुलाला तोडताना त्याची बायको-मुले उघड्यावर पडत नाहीत ना, हे पाहावे. हिस्सा थेट सुनेच्या किंवा नातवंडांच्या नावे देता येतो.

वेळेवर काय करावे

१) मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी अर्ज करावा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून तो देता येतो. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली. त्यातही नोंद राहून गेली असेल तर थांबू नये.

२) अर्जात सगळे वारस लिहावेत. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

३) नाव वगळले गेल्यास फेरफाराच्या नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी. नोंद मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे. सातबाऱ्याच्या नोंदीने मालकी ठरत नाही. ती अखेर दिवाणी न्यायालयात ठरते. तेव्हा नाव नाही म्हणजे हक्क गेला असे बहिणींनी समजू नये.

४) वारस नोंद लगेच करावी, हक्कसोड पत्र मात्र वर्षश्राद्धाच्या आधी करू नये. वर्षभरात दुःख ओसरते, हिशेब कळतो, सल्ला घेता येतो. त्यानंतर बहिणीने मनापासून दिले तर ते खरे देणे.

बंधूंनो, बहिणीचा हिस्सा तिच्या नावे लावला तरी ती उद्या नांगर घेऊन येत नाही. बहुतेक बहिणी भावालाच कसायला सांगतात. त्यांना विचारले गेले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. येत्या भाऊबिजेला ओवाळणी घालाल तेव्हा ताज्या सातबाऱ्याचा उताराही काढून आणा आणि सगळ्यांसमोर वाचा. त्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे राहिले आहे, हे घरातल्या घरात बोलून ठरले तर वकिलाची फी वाचेल, आणि तो पैसा ठिबकला लागेल.

 जय जवान, जय किसान.